सेंट मार्टिनला चार रात्री : हॉटेल नंतर, आधी संध्याकाळ ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. फेब्रुवारीत चार रात्री कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन बेटावर. तुम्ही न्यू जर्सीत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, पत्नीकडे अमेरिकन पासपोर्ट. पुण्याहून आलेली आई, बहीण आणि मेव्हणे सोबत. बहिणीला दागिने आणि घड्याळं बघायची आहेत, मेव्हण्यांना कॅसिनो आणि रात्रीची धमाल. आईंचे गुडघे दुखतात, त्या शाकाहारी आहेत, पण बेट बघायची हौस दांडगी. डोक्यावरून जाणारी विमानं सगळ्यांनाच बघायचीत. आणि प्रश्न असा, की खरेदी जवळ पडावी म्हणून फिलिप्सबर्गमध्ये हॉटेल घेऊ का, आणि गाडी लागेल का.

मी बरीच वर्षं अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांच्या कॅरिबियन सहली आखून देते. हॉटेलच्या प्रश्नाचं माझं उत्तर 'नाही' असं आहे, पण त्यामागचं कारण समजलं तर बाकीचं अर्धं नियोजन तुमचं तुम्हीच कराल.

अख्खं बेट ८७ चौरस किलोमीटरचं. नकाशा बघितला की वाटतं, कुठेही राहा, काय फरक पडतो? फरक पडतो तो वेळेमुळे. इथली खरेदी दिवसाची आहे आणि ती फिलिप्सबर्गला होते. रात्र पश्चिमेला, सिम्पसन बे आणि माहोला. आणि या दोन्हींना जोडणारा मुख्य रस्ता जवळजवळ एकच. मध्ये कोल बेची टेकडी, आणि सिम्पसन बेचा उचलता पूल. खाडीतल्या यॉट बाहेर काढायला हा पूल दिवसातून ठरावीक वेळा उघडतो, आणि तेवढा वेळ गाड्या उभ्या. फिलिप्सबर्ग ते माहो अंतर दहा-बारा किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर पंचवीस मिनिटं, पण संध्याकाळी ऑफिसं सुटायच्या वेळेला सापडलात तर तासभरही सहज जातो. २०१३ मध्ये खाडीवर दुसरा पूल झाल्यावर थोडा श्वास मिळाला, तरी हंगामात गर्दी चुकत नाही.

फिलिप्सबर्ग चालतं क्रूझच्या घड्याळावर. सकाळी बंदरात जहाजं लागतात, हजारो माणसं उतरतात, फ्रंट स्ट्रीट फुलून जातो. दुपारी चार-पाचला जहाजं परत बोलावतात आणि सहापर्यंत दुकानांची शटर खाली येतात. मग समुद्रकाठच्या फरसबंद वाटेवर दोन-चार बार तेवढे चालू. रविवारी बंदरात जहाज नसेल तर बहुतेक दुकानं बंदच. खरेदीसाठी म्हणून तिथे राहिलेली मंडळी मला रात्री आठ वाजता फोन करून विचारतात, "अहो, इथे माणसं कुठे गेली सगळी?" माणसं सिम्पसन बेला गेलेली असतात.

म्हणून मी चारही रात्री सिम्पसन बेला मुक्काम सुचवते. माहोला राहिलात तर कॅसिनो आणि क्लब पायाखाली, पण आवाजही उशाशी, आणि आई बरोबर असताना तो सौदा मला पटत नाही. सिम्पसन बेहून माहो गाडीने पाच-सात मिनिटांवर, फिलिप्सबर्गही आटोक्यात. शिवाय मेव्हण्यांना रात्री एक वाजता परत यायचं असेल तर टॅक्सीचं भाडं थोडं पडतं. इथे टॅक्सीला मीटर नाही, ठिकाणानुसार दर ठरलेले आहेत. रात्री दहानंतर दर वाढतो, मध्यरात्रीनंतर आणखी. बसण्याआधी भाडं आणि कोणत्या चलनात ते, दोन्ही विचारून घ्या.

हॉटेल बुक करण्याआधी मात्र कागद. तुमच्या कुटुंबात तीन प्रकारची कागदपत्रं आहेत, आणि बेटावर देश दोन. १६४८ च्या तहापासून उत्तरेचा भाग फ्रान्सकडे आणि दक्षिणेचा डचांकडे. दक्षिणेचा भाग २०१० पासून नेदरलँड्सच्या राज्यातला एक स्वायत्त देश आहे. दोन्हींमध्ये नाका नाही, कुंपण नाही. रस्त्याकडेला १९४८ साली उभारलेला एक स्तंभ आहे आणि पाटीवरची भाषा बदलते, एवढंच. विमानतळ डच बाजूला आहे. भारतीय पासपोर्टला डच बाजूसाठी व्हिसाचे नियम लागू होतात, आणि अमेरिका किंवा कॅनडाचे व्हिसे अथवा वास्तव्य परवाने असणाऱ्यांना त्यात सवलती आहेत. तुमचा एच-वन-बी, आईंचा पर्यटक व्हिसा आणि बहीण-मेव्हण्यांचे व्हिसे त्या सवलतीत नेमके बसतात का, हे प्रत्येकाच्या नावाने नेदरलँड्स सरकारच्या संकेतस्थळावर तपासा आणि ते पान छापून जवळ ठेवा. अडवतो तो बेटावरचा अधिकारी नव्हे, नूअर्क किंवा जेएफकेच्या काउंटरवरचा विमान कंपनीचा माणूस अडवतो, आणि त्याच्या हातात कागद दिला की काम लवकर होतं. डच बाजूचा प्रवेशाचा ऑनलाइन अर्जही निघण्याआधी भरायचा असतो.

दुसरी गोष्ट खास तुमच्यासाठी. पासपोर्टवरचा एच-वन-बीचा शिक्का संपलेला असेल तर ही सहल करू नका. संपलेल्या शिक्क्यावर अमेरिकेत परत घेण्याची जी सवलत आहे, ती एच-वन-बीवाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोच्या छोट्या फेरीसाठी मिळते. कॅरिबियन बेटांचा त्यात समावेश विद्यार्थी आणि एक्सचेंज व्हिसावाल्यांसाठी आहे. 'माझा मित्र जाऊन आला' असं सांगणारे भेटतात. तो मित्र बहुधा एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर होता.

फ्रेंच बाजूचं काय? पत्नीला प्रश्न नाही. तुम्हा चौघांना मात्र फ्रेंच नियम लागू होतात, आणि युरोपचा नेहमीचा शेंगेन व्हिसा असला तरी तो तिथे आपोआप चालेल असं धरू नका, कारण फ्रान्सचं हे बेट शेंगेनमध्ये येत नाही. रस्त्यात कोणी विचारत नाही हे खरं आहे. पण गाडीला गाडी घासली, आईंना दवाखान्यात न्यावं लागलं, पोलिसांनी कागद मागितले, तर 'कोणी विचारत नाही' हे उत्तर चालत नाही. ज्यांचे कागद नाहीत त्यांच्या कार्यक्रमात मी फ्रेंच बाजू घालत नाही. काही ग्राहक नाराज होतात, होऊ देत. डच बाजूवर चार दिवस आरामात भरतात. कागद जमत असतील तर पुढे फ्रेंच बाजूचंही सांगतेच.

आता खरेदी. फ्रंट स्ट्रीट हा समुद्राला समांतर लांबट रस्ता, मागे बॅक स्ट्रीट, मध्ये बोळ. डच बाजूला आयातीवर सीमाशुल्क नसल्यामुळे दागिने, घड्याळं, दारू, अत्तरं यांची दुकानं ओळीने. यातली बरीच दुकानं सिंधी व्यापाऱ्यांची. बहिणीला दारात बघितलं की "आइए भाभीजी, अंदर आइए" सुरू होईल. पुढचा खेळ ठरलेला असतो. टॅन्झनाइट या निळ्या-जांभळ्या खड्याचं पेंडंट काळ्या मखमलीवर येतं, दिव्याखाली फिरतं. आधी किंमत, मग लगेच निम्मी. मग "आप अपने हैं" म्हणून आणखी थोडी कमी, आणि कॅल्क्युलेटर तुमच्याकडे सरकवून "आप बोलिए". निम्म्या किमतीला भुलायचं नाही. मूळ किंमत दुकानदारानेच लिहिलेली आहे, त्यामुळे सवलतीच्या टक्क्यांना काही अर्थ नाही. बहिणीने तीनच गोष्टी विचाराव्यात : दगडाचं वजन कॅरेटमध्ये किती, स्वतंत्र प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र आहे का, आणि प्रति कॅरेट भाव काय पडतो. तो आकडा घेऊन बाहेर पडायचं, आणखी दोन दुकानांत तोच विचारायचा. न्यू जर्सीहून निघण्यापूर्वी तिथल्या भारतीय बाजाराचा, ओक ट्री रोडवरचा भाव माहीत करून घेतला असेल तर उत्तमच.

सोन्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे : इथे घेऊ नका. माल अमेरिकन प्रवाशांसाठी केलेला, बहुतेक १४ आणि १८ कॅरेटचा. पुण्यातला सराफ मोडीच्या वेळी घट धरणार, मजुरीचे पैसे कुठेच मिळणार नाहीत. शिवाय भारतात परतताना दागिन्यांची शुल्कमाफी फक्त वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून आलेल्यांना आहे, बाईला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम. दोन महिने तुमच्याकडे राहायला आलेल्या बहिणीला ती लागूच होत नाही. तिने घेतलेलं पेंडंट सर्वसाधारण सवलतीच्या पैशांत बसतं का, ते त्या वेळचा नियम बघून ठरवायचं. घड्याळ घेताना दुकान त्या ब्रँडचं अधिकृत विक्रेतं आहे का, हे ब्रँडच्याच संकेतस्थळावर बघा आणि वॉरंटी कार्डावर तारीख-शिक्का तिथल्या तिथे मारून घ्या. कॅमेरा-लॅपटॉपच्या फंदात पडू नका. अमेरिकेत राहणाऱ्याला इथे त्यात फारसं काही वाचत नाही.

दारू मात्र खरोखर स्वस्त आहे. बेटाची खासियत म्हणजे ग्वाव्हाबेरीचं लिकर : रम आणि डोंगरावरच्या एका आंबटगोड रानफळाचं पेय, पूर्वी घरोघरी नाताळात करायचे. फ्रंट स्ट्रीटवर त्याचं जुनं दुकान आहे, चव देतात. बाटल्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत टाका. अमेरिकेत पुढचं विमान पकडायचं असेल तर पहिल्या विमानतळावर सामान घेऊन पुन्हा सुरक्षा तपासणी करावी लागते आणि हातातली बाटली तिथे अडकू शकते. ७० टक्क्यांच्या वरची कडक रम तर विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही. भारतात माणशी दोन लिटरची मर्यादा आहे, हे मेव्हण्यांच्या कानावर आधीच घाला.

खरेदीचा दिवस कसा निवडायचा? बंदरात त्या दिवशी किती जहाजं आहेत याचं वेळापत्रक आधी बघता येतं. पाच-सहा जहाजांच्या दिवशी फ्रंट स्ट्रीटवर पाय ठेवायला जागा नसते आणि दुकानदारालाही घासाघीस करायची गरज नसते. एकही जहाज नसलेल्या दिवशी दुकानं उशिरा उघडतात, काही उघडतच नाहीत. एक-दोन जहाजांचा दिवस सगळ्यांत चांगला. सकाळी साडेनऊला पोचा, बाराच्या सुमारास आईंना समुद्रकाठच्या सावलीत बसवा. मुख्य रस्त्यावर १७९३ चं पांढरं लाकडी न्यायालय आहे, ते बघायला वेगळा वेळ काढावा लागत नाही. संध्याकाळी जेवायला तिथेच थांबणार नसाल तर दुपारी दोन-तीनपर्यंत निघा, नाहीतर पुलावर अडकलात म्हणून समजा.

विमानांकडे येते. माहोचा किनारा धावपट्टीच्या पश्चिम टोकाला लागून आहे. मध्ये एक अरुंद रस्ता आणि जाळीचं कुंपण. वारा बहुतेक पूर्वेकडून, म्हणून विमानं समुद्रावरून, किनाऱ्यावरून येत उतरतात. पूर्वी इथे केएलएम या डच कंपनीचं जंबो यायचं, ते २०१६ मध्ये थांबलं, पण पॅरिस आणि ॲमस्टरडॅमची रुंद विमानं अजूनही येतात, साधारण दुपारी. शेजारच्या बारबाहेर सर्फबोर्डवर त्या दिवशीच्या वेळा खडूने लिहिलेल्या असतात. उतरणारं विमान बघायला मजा आहे, धोका उड्डाणाचा. उडणारं विमान त्याच टोकाला येऊन पाठ किनाऱ्याकडे करून उभं राहतं आणि इंजिनं पूर्ण जोरात लावतं. वाळू तोंडावर खड्यांसारखी बसते, टोप्या-चपला समुद्रात जातात. काही हौशी लोक कुंपणाला लटकून तो झोत अंगावर घेतात. जुलै २०१७ मध्ये त्यातच एका पर्यटक महिलेचा जीव गेला. आईंना बाजूच्या बारमध्ये खुर्ची धरून बसवा, तुम्ही वाळूत पण धावपट्टीच्या रेषेपासून बाजूला उभे राहा. विमान तितकंच जवळ दिसतं. तिथून पाच मिनिटांवर मलेट बेचा सुंदर किनारा. मागे दिसणारे भग्न अवशेष १९९५ च्या लुईस चक्रीवादळाने उद्ध्वस्त केलेल्या रिसॉर्टचे. सप्टेंबर २०१७ च्या इर्माने त्यात भर टाकली, बेटावर अजूनही काही ठिकाणी ते दिसतं. फेब्रुवारीत वादळांची काळजी नाही. तो हंगाम जून ते नोव्हेंबर.

बेट बघण्यासाठी आईंना सेंट्री हिल या टेकडीवर खुर्चीच्या पाळण्याने (चेअरलिफ्टने) न्या. चढण नाही, आणि वरून दोन्ही देश, मधली खाडी, फिलिप्सबर्गमागचं मीठतळं सगळं दिसतं. या तळ्याच्या मिठासाठीच डच इथे आले. तुम्हाला आणि मेव्हण्यांना तिथली झिपलाइन आहे. तिकीट काढण्याआधी तिचा उतार एकदा खालून बघून घ्या.

फ्रेंच बाजूचे कागद असतील तर एक अख्खा दिवस आणि एक संध्याकाळ तिकडे द्या. बुधवार किंवा शनिवार गाठा, फ्रेंच बाजूचं मुख्य गाव मारिगो, तिथे धक्क्याजवळ बाजार भरतो. दुकानं दुपारी जेवायला बंद होतात, म्हणून खरेदी आधी. वरचा फोर्ट लुई १७८९ चा. पायऱ्या आहेत, आईंना खालीच कॉफी पाजा. कुल-द-सॅकहून छोट्या होडीने पिनेल बेटावर जाता येतं, पाणी उथळ आणि शांत. ओरिएंट बेचा किनारा प्रशस्त आहे, पण दक्षिण टोकाकडे लोक कपड्यांशिवाय ऊन खात असतात. आईंना घेऊन 'चला, तिकडेही जाऊन येऊ' करू नका. संध्याकाळ ग्रॉं कासला. एकाच रस्त्यावर दोन्हीकडे उपाहारगृहं, आणि मध्येच 'लोलो' म्हणजे कोळशावर भाजणाऱ्या टपऱ्या. हंगामात मंगळवारी तो रस्ता गाड्यांना बंद करून वाद्यं, ढोल, हस्तकलेचे ठेले लागतात. त्या वर्षीच्या तारखा बघून घ्या. काही ठिकाणी रोख डॉलर दिले तर एक युरोला एक डॉलर धरतात, म्हणजे साठ युरोचं बिल साठ डॉलरमध्ये. कार्डावर हा हिशेब नसतो, म्हणून थोडी रोकड ठेवा. डच बाजूला डॉलर सर्रास चालतात. तिथलं स्वतःचं चलन २०२५ पासून कॅरिबियन गिल्डर झालं, पण तुम्हाला ते हाताळावं लागणार नाही.

आईंच्या जेवणाचं कोडं वाटतं तेवढं अवघड नाही. डच बाजूला भारतीय हॉटेलं आहेत. त्याहून मला आवडते ती त्रिनिदाद-गयानाच्या लोकांची दाळपुरी : आत वाटाण्याच्या डाळीचं तिखट सारण, दिसायला थेट पुरणपोळी. बरोबर चण्या-बटाट्याची भाजी मागा. 'व्हेज' एवढंच सांगून थांबू नका, मांस नको आणि मासेही नकोत असं दोन्ही सांगा. अक्रा नावाची भजी दिसायला निरागस असतात, पण आत खारवलेला मासा असतो. भात आणि कडधान्य एकत्र शिजवतात त्यातही खारं डुकराचं मांस असू शकतं. जॉनी केक, म्हणजे तळलेली जाड पोळी, सहसा चालते.

रात्रीचं आता सरळ आहे. कॅसिनो फक्त डच बाजूला. माहोची एक रात्र मेव्हण्यांना पूर्ण द्या, ठरावीक रोकड खिशात आणि कार्ड हॉटेलच्या तिजोरीत. दुसरी रात्र सिम्पसन बेच्या पट्ट्यात, तिथे खाडीकाठच्या बारमध्ये थेट वाद्यवृंद असतो आणि आईही तासभर बसून ऐकू शकतात. तिसरी ग्रॉं कास, किंवा कागद नसतील तर फिलिप्सबर्गच्या समुद्रकाठी लवकरचं जेवण. पोचल्या दिवशी काहीच ठरवू नका. या चार संध्याकाळी कागदावर लिहा आणि दिवस त्यांच्या आगेमागे बसवा : माहोच्या दिवशीच दुपारी विमानं, फिलिप्सबर्गला जेवणार असाल तर त्याच दिवशी खरेदी. म्हणजे त्याच रस्त्यावरून चार वेळा जावं लागणार नाही. कार्निव्हल मात्र मनात धरू नका. डच बाजूचा मोठा कार्निव्हल एप्रिलमध्ये असतो. फ्रेंच बाजूचा लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या आधी येतो, तो तुमच्या तारखांत बसला तर नशीब.

गाडी? पाच माणसांना दोन दिवसांसाठी घ्या, चार दिवसांसाठी नको. दोन्ही बाजूंना उजवीकडूनच चालवतात, तुम्हाला सवय आहेच. मेव्हण्यांना चालवू देऊ नका. किनाऱ्यावर गाडीत काहीही ठेवून जाऊ नका, डिकीतसुद्धा. ज्या रात्री कोणी पिणार आहे त्या रात्री टॅक्सी.

आणि फोन. डच बाजूचा कोड +१-७२१ बघून लोकांना तो अमेरिकेच्या प्लॅनमध्ये असेल असं वाटतं, तो नसतो. फ्रेंच बाजूचा +५९० वेगळाच, आणि हद्दीजवळ फोन आपला आपण टॉवर बदलतो. रोमिंगचा दर दोन्ही देशांच्या नावाने विचारून ठेवा. डच बाजूला ११० व्होल्ट आणि अमेरिकन पिन, फ्रेंच बाजूला २२० आणि युरोपियन पिन, म्हणून मुक्काम सिम्पसन बेला असेल तर तुमचे चार्जर चालतील. आईंचा पुण्याहून आणलेला केसांचा ड्रायर किंवा पाणी तापवायची कांडी मात्र घरीच राहू द्या.